बोगद्यात वॉकीटॉकी बोलती ठेवायची तर: रेडिओ रिपीटर बसवणाऱ्या नवख्यांसाठी

जमिनीखालच्या स्थानकाचा जिना उतरताना साधारण मधल्या टप्प्यावर वॉकीटॉकी खरखरायला लागते आणि प्लॅटफॉर्मवर पाय टेकेपर्यंत गप्प होते. गाडी बोगद्यात शिरली की चालकाच्या केबिनमधल्या रेडिओचंही तेच. टॉवरचा सिग्नल माती आणि काँक्रीट भेदून खाली पोचत नाही. म्हणून छतावर एक अँटेना लावायची, तिने पकडलेला सिग्नल केबलने खाली आणायचा, पेटीत वाढवायचा आणि बोगद्यात सोडायचा. खालच्या माणसाचं बोलणं याच वाटेने उलटं वर न्यायचं. ही पेटी म्हणजे रिपीटर. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर बोलणारा, डोंगरमाथ्यावर बसवतात तो रिपीटर वेगळा. इथे त्याच फ्रिक्वेन्सीवर घेऊन त्याच फ्रिक्वेन्सीवर वाढवून देणाऱ्या, दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल लिहितोय.

टॉवरकडून हँडसेटकडे येतो तो डाउनलिंक, हँडसेटकडून टॉवरकडे जातो तो अपलिंक. नवख्याची नजर डाउनलिंकवर असते, कारण तो हँडसेटच्या पडद्यावर दांड्या होऊन दिसतो. घोटाळे मात्र बहुतेक अपलिंकमध्ये होतात, आणि ते दिसत नाहीत. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात ठेवा.

आधी कागद

ड्रिल हातात घेण्याआधी तीन गोष्टी लेखी हव्यात. फ्रिक्वेन्सीचा परवाना, ज्यांच्या टॉवरचा सिग्नल आपण उचलणार त्यांची संमती, आणि वाढवायच्या चॅनेलची यादी. बहुतेक देशांत परवानगीशिवाय रिपीटर चालू करणं हा गुन्हा आहे. आणि तो नुसता कागदी गुन्हा नाही, एक वाईट बसवलेला रिपीटर अख्ख्या टॉवरला बहिरं करू शकतो. ते कसं, हे पुढे आकड्यांनी दाखवतो.

यादी करताना विचारा की या बोगद्यात कोण कोण बोलणार आहे. चालक, स्थानक कर्मचारी, देखभालीची टोळी, सुरक्षा रक्षक हे तर आलेच. अग्निशमन दल आणि पोलीस यांची जाळी बऱ्याचदा वेगळी असतात आणि पट्टेही वेगळे. युरोपात आपत्कालीन सेवांची टेट्रा यंत्रणा ३८०–३८५ मेगाहर्ट्झवर ऐकते आणि ३९०–३९५ वर बोलते. तिथल्या रेल्वेचं जीएसएम-आर हे रेडिओ जाळं ८७६–८८० आणि ९२१–९२५ वर चालतं. एकाच पट्ट्यासाठी बनवलेल्या पेटीत दोन्ही बसणार नाहीत. सगळा पट्टा वाढवणारा स्वस्त रिपीटर घ्यायचा मोह होतो, पण तो शेजारच्या अनोळखी चॅनेललाही तितक्याच प्रेमाने वाढवतो आणि आपली ताकद त्यांच्यात वाटून टाकतो. चॅनेल निवडून वाढवणारी पेटी महाग पडते. माझं मत विचाराल तर गजबजलेल्या जागी तीच घ्या.

पाहणी

छतावर जिथे अँटेना लागणार तिथे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती जोराचा सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) घेऊन उभे राहा. दिवसा एकदा, रात्री एकदा. आपल्याला हव्या त्या टॉवरचा सिग्नल किती येतोय, आणि त्याच्या आजूबाजूला कोण जोरात ओरडतोय, दोन्ही लिहून घ्या. चांगली जागा म्हणजे सर्वांत जास्त सिग्नल देणारी जागा, असं समजू नका. जिथे एकच टॉवर स्पष्ट दिसतो आणि बाकीचे इमारतीच्या आड जातात, ती चांगली. दोन टॉवर सारख्याच जोराने येत असतील तर आज एक, उद्या दुसरा असा खेळ सुरू होतो.

खाली बोगद्यात चालत मोजमाप घ्या, पण रिकाम्या बोगद्यावर भरवसा ठेवू नका. उभी गाडी बोगद्याचं तोंड जवळपास बुचासारखं बंद करते. प्लॅटफॉर्मवर गर्दी असेल तर माणसांची शरीरंही सिग्नल खातात. शक्य असेल तर एकदा गाडी उभी करून, तिच्या आत बसून मोजा. वॉकीटॉकी कानाशी धरून एक रीडिंग आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवून एक, कारण ड्युटीवरचा माणूस ती कमरेलाच लावतो.

आकडेमोड, एकदाच पण नीट

हा भाग टाळून पुढे जाऊ नका. डीबी म्हणजे सिग्नल किती पट वाढला-घटला ते बेरीज-वजाबाकीत मांडणारं माप (१० डीबी म्हणजे दहापट), आणि डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत सिग्नलची ताकद. समजा टेट्रासारखी यंत्रणा आहे, ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास. टॉवर २५ वॅटने बोलतो, म्हणजे ४४ डीबीएम. आपल्या छतावरच्या अँटेनातून बाहेर पडताना तो सिग्नल -६५ डीबीएम मिळतो. म्हणजे टॉवरपासून आपल्या अँटेनापर्यंत १०९ डीबी खर्च झाले. छतावरून खाली येणाऱ्या केबलमध्ये ३ डीबी गेले, पेटीशी -६८ उरले. पेटीचा गेन, म्हणजे ती सिग्नल किती वाढवते तो आकडा, ८० ठेवला तर बाहेर +१२ डीबीएम. पुढे वाटणी आणि जोडकेबलमध्ये ५ डीबी. बोगद्यात ५०० मीटर लीकी केबल (लांबीभर सिग्नल झिरपवणारी केबल, पुढे येईलच), १०० मीटरला दीड डीबी धरून ७.५ डीबी. केबलपासून हवेत यायला, म्हणजे कपलिंग लॉसपोटी, ७५ डीबी. गाडीचा पत्रा आणि माणसाचं शरीर मिळून १५ डीबी. हँडसेटला मिळाले साधारण -९० डीबीएम. चालत्या हँडसेटला टेट्रामध्ये -१०३ पर्यंत ऐकू यायला हवं. म्हणजे १३ डीबी हातचे आहेत. छान.

आता तीच वाट उलटी चला. हँडसेट १ वॅटने बोलतो, म्हणजे ३० डीबीएम. पत्रा आणि शरीर १५, कपलिंग ७५, केबल ७.५, वाटणी ५. पेटीशी पोचले -७२.५. गेन ८०, छताची केबल ३ वजा, अँटेनावर ४.५ डीबीएम. पुढचे १०९ वजा केले की टॉवरला मिळतात -१०४.५. टॉवरची चालत्या हँडसेटसाठीची मर्यादा साधारण -१०६. हातचे फक्त दीड डीबी! माणूस जरा वळला की वाक्य तुटलं.

दोन्ही दिशांनी वाट तीच आणि तोटा तोच. फरक पडला तो टॉवरच्या ४४ आणि हँडसेटच्या ३० मधला, १४ डीबीचा. टॉवरचे कान हँडसेटपेक्षा थोडे तिखट असल्यामुळे त्यातले ३ भरून निघाले, बाकीचे नाहीत. म्हणूनच बोगद्यात दांड्या भरपूर दिसतात, कंट्रोल रूमचं बोलणं ऐकू येतं, आणि तरीही कंट्रोल रूमला आपलं ऐकू जात नाही. अशी तक्रार आली की समजा अपलिंक उपाशी आहे.

मग अपलिंकचा गेन वाढवून टाकू? वरच्या उदाहरणात चालेल. पण सरसकट नाही. रिपीटर हँडसेटच्या आवाजासोबत स्वतःची खरखरही वाढवतो आणि कोणी बोलत नसतानाही टॉवरकडे पाठवत राहतो. २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये निसर्गाची मूळ खरखर साधारण -१३० डीबीएम असते. पेटीची स्वतःची भर ५ डीबी, गेन ८०, म्हणजे बाहेर -४५. केबलचे ३ आणि वाटेचे १०९ वजा केले की टॉवरला -१५७ मिळतात. टॉवरची स्वतःची खरखर -१२५ च्या आसपास, त्यामुळे त्याला आपला पत्ताही लागत नाही. आता टॉवर रस्त्यापलीकडे आहे आणि छतावर -६५ ऐवजी -३५ येतोय असं समजा. वाटेचा तोटा ७९ झाला. तीच खरखर आता टॉवरला -१२७ वर ऐकू येते, जवळपास त्याच्या स्वतःच्या खरखरीइतकी. दोन्ही मिळून त्याचा तळ २ डीबीने वर उचलला जातो. नुसत्या बोगद्यापुरता नाही, त्या टॉवरच्या अख्ख्या परिसरात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. उमेदवारीच्या काळात एका स्थानकाजवळ टॉवर अगदी लागून होता. डाउनलिंकला ओव्हरलोडचा अलार्म आला म्हणून आम्ही डाउनलिंकचा गेन उतरवला, अलार्म गेला, हात झटकले. अपलिंक होता तसा ८० वर राहिला. दोन दिवसांनी तक्रारी यायला लागल्या त्या रस्त्यावरच्या बसचालकांच्या, बोगद्यापासून कितीतरी लांबच्या. आमच्या पेटीशी त्यांचा संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. शेवटी एका रात्री कुणीतरी आमचा एमसीबी खाली पाडला आणि टॉवरवरची खरखर तिथल्या तिथे बसली. डाउनलिंक उतरवला की अपलिंकही उतरवायचा, आणि किती उतरवायचा ते गणित करूनच.

शिट्टी

सभागृहात माईक स्पीकरसमोर गेला की जे होतं तेच रिपीटरचंही होतं. खालची अँटेना जे सोडते ते वरच्या अँटेनाने पुन्हा पकडलं की सिग्नल गोल फिरत वाढतो आणि पेटी शिट्टी घालते. ही शिट्टी कानाला ऐकू येत नाही. ती पूर्ण ताकदीने हवेत जाते आणि लोकांची चॅनेल बंद पाडते. यावर उपाय म्हणजे दोन अँटेनांमधलं आयसोलेशन. ते गेनपेक्षा किमान १५ डीबीने जास्त हवं, ८० गेनला ९५. मी २० धरतो, कारण पावसात ओल्या भिंती आणि छतावर कोणीतरी नव्याने ठेवलेली पत्र्याची टाकी यांचा हिशोब आधी करता येत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. पेटी बंद ठेवून खालच्या केबलमध्ये सिग्नल जनरेटरने माहीत असलेली पातळी सोडा आणि छतावरच्या अँटेनाच्या टोकाला किती मिळते ते पाहा. फरक म्हणजे आयसोलेशन. चाचणी सिग्नल हवेत जाणार, म्हणून कोणती फ्रिक्वेन्सी वापरायची ते नेटवर्कवाल्यांशी आधी ठरवा. खोल स्थानकात हा आकडा आरामात मिळतो. अडचण येते ती बोगद्याच्या तोंडाशी, हवा खेळती ठेवणाऱ्या मोठ्या झरोक्यांपाशी आणि अर्ध्या उघड्या स्थानकांत. कमी पडलं तर आधी अँटेनाची जागा बदला, मध्ये इमारतीचा अडोसा घ्या. काही नव्या पेट्या परत येणारा प्रतिध्वनी आपणच वजा करतात. ती सोय शेवटचा आधार म्हणून चांगली, पण तिच्या भरवशावर आळशी बसवणी करू नये.

छतावरचं काम

बाण अँटेना असेल, म्हणजे यागी, तर काड्या उभ्या की आडव्या ते टॉवरच्या अँटेनांप्रमाणे ठेवायचं. या यंत्रणांत जवळपास नेहमी उभ्या. दिशा नुसत्या नकाशावरून ठरवून बोल्ट आवळू नका. हळूहळू फिरवत रीडिंग पाहा, सर्वांत वरचा आकडा आला की थांबा, आणि मग शेजारच्या नको असलेल्या टॉवरचा आकडा कमी करण्यासाठी दोन-चार अंश सरकवायला हरकत नाही.

केबल भिंतीतून आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथे ठिबकेल आणि आत जाणार नाही. आत शिरताना विजेचा अरेस्टर, म्हणजे पडलेल्या विजेचा झटका जमिनीत वळवणारा तुकडा, आणि त्याचं अर्थिंग सर्वांत जवळच्या अर्थ पट्टीला आखूड आणि सरळ तारेने. वळसे घालत गेलेली अर्थिंगची तार विजेच्या क्षणी जवळपास निरुपयोगी ठरते. उघड्यावरच्या कनेक्टरला आधी आपोआप एकजीव होणारा रबरी टेप ताणून गुंडाळा, त्यावर उन्हाला टिकणारा टेप. शेवटचा थर खालून वर चढवत न्या, कौलांसारखा, म्हणजे पाणी जोडात न शिरता वरून ओघळतं.

छतावर इतरांच्याही अँटेना असतात. त्यांच्यासमोर उभं राहून काम करायचं असेल तर त्या बंद करून घ्या. ‘पाचच मिनिटांचं काम आहे’ हे वाक्य मनातसुद्धा आणू नका.

कनेक्टर: इथे घाई नको

सगळ्या कामात मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवतो. अर्धा इंची केबल घ्या. टोक करवतीने नव्हे, त्याच केबलसाठी मिळणाऱ्या कटरने कापा. कापताना टोक खाली तोंड करून धरा, म्हणजे तांब्याचा भुगा केबलच्या आत न जाता जमिनीवर पडेल. मधल्या तारेची धार कानशीने बोथट करा. बाहेरच्या पन्हळी तांब्याची कड आत वळलेली असेल तर ती सरळ करा. मग मऊ ब्रशने आणि कोरड्या फडक्याने सगळं पुसा आणि टॉर्चच्या उजेडात पाहा. मधल्या तारेभोवतीच्या प्लॅस्टिकच्या फेसावर एखादी चकाकती कणी दिसली तर ती टाचणीने काढा. नखाने ढकलाल तर ती आणखी आत जाईल.

कनेक्टर चढवल्यावर मधली पिन किती बाहेर आली ते त्याच्यासोबत दिलेल्या मापाशी ताडून बघा. आवळताना कनेक्टरचं अंग एका पान्याने धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा. अंग फिरलं तर आतली तांब्याची कड घासते, आणि तो जोड उद्या नाही तर सहा महिन्यांनी नक्की दगा देतो. सात-सोळा डिन कनेक्टरला २५ ते ३० न्यूटन-मीटर लागतात. टॉर्क पाना वापरा, हाताचा अंदाज नको. एन प्रकारच्या कनेक्टरला तितक्या जोराने आवळलंत तर तो तिथेच मरेल.

इतकं सोवळं कशासाठी? सैल जोड, गंजलेला बोल्ट, तांब्याची एक कणी, यांतल्या प्रत्येकात दोन जोरदार सिग्नल मिसळून तिसरा निर्माण होतो. एक सिग्नल च१ आणि दुसरा च२ असेल तर दोन पट च१ वजा च२ या जागी नवीन भूत उभं राहतं, आणि ते नेमकं अपलिंकच्या पट्ट्यात बसलं तर पेटी त्याला हँडसेटचा आवाज समजून टॉवरकडे पाठवते. याला पीआयएम म्हणतात. अनेक सेवा एकाच केबलवर असतील तर पीआयएमची चाचणी करून घ्याच. साधारणपणे २०-२० वॅटचे दोन सिग्नल सोडून ती करतात. चाचणी चालू असताना कनेक्टरवर पान्याच्या मुठीने हलके टकटक करा. खराब जोड लगेच आकडा उडवून दाखवतो.

बोगद्यातली केबल

लीकी केबल म्हणजे बाहेरच्या वेष्टनाला ठरावीक अंतरावर खाचा असलेली केबल, त्या खाचांतून सिग्नल झिरपतो. खाचांची बाजू वेष्टनावर रेघेने किंवा उंचवट्याने दाखवलेली असते. ती गाडीकडे हवी. भिंतीकडे तोंड करून बसवलेली केबल मी पाहिली आहे, दोनशे मीटर. उंची ठरवताना विचारा की सिग्नल कोणाला द्यायचाय. गाडीच्या छतावरच्या अँटेनाला असेल तर त्या उंचीवर, डब्यातल्या हँडसेटला असेल तर खिडकीच्या उंचीवर. भिंतीला चिकटवू नका, क्लॅम्पने थोडी पुढे धरा. केबल बनवणारा जेवढं अंतर सांगतो तेवढं.

प्लॅस्टिकचे क्लॅम्प आगीत वितळतात आणि केबल रुळांवर, पळणाऱ्या माणसांच्या पायांत लोंबकळते. म्हणून दर काही क्लॅम्पनंतर एक धातूचा. वेष्टन कमी धुराचं आणि हॅलोजनमुक्त हवं. ओढताना वळणावर केबल मुडपली तर तिथेच कापून नवा जोड द्या. दाबून सरळ केलेली केबल आयुष्यभर त्या जागी सिग्नल परतवत राहते.

अर्थिंगचा निर्णय इथे एकट्याने घेऊ नका, कर्षण विभागाकडे, म्हणजे गाड्यांची वीज सांभाळणाऱ्यांकडे जा. डीसी विजेवर चालणाऱ्या मार्गात रुळांतून परतणारा प्रवाह थोडा जमिनीत झिरपतोच. तुम्ही केबलचं वेष्टन चार ठिकाणी अर्थ केलंत तर त्या भटक्या प्रवाहाला तुमची केबल म्हणजे आयता रस्ता. म्हणून केबलच्या तुकड्यांमध्ये डीसी ब्लॉक (रेडिओ सिग्नल जाऊ देणारा, डीसी प्रवाह अडवणारा जोड) घालतात आणि अर्थिंग नकाशात दाखवलेल्या जागीच करतात. २५ केव्ही एसी मार्गात वेगळी भीती आहे. समांतर गेलेल्या लांब केबलमध्ये आपोआप व्होल्टेज येतं. टोक उघडं आहे, कशालाच जोडलेलं नाही, म्हणजे धोका नाही असं समजून हात लावू नका.

हे सगळं काम रात्रीच्या ब्लॉकमध्ये होतं. वीज बंद असल्याचा लेखी निरोप मिळाल्याशिवाय रुळांत उतरायचं नाही. ब्लॉक चार तासांचा असेल तर काम तीन तासांचं ठरवा. शेवटचा तास हत्यारं मोजण्यात जातो, आणि जायलाच हवा. किती पाने आत गेले आणि किती बाहेर आले, ते एकाने मोठ्याने मोजावं.

फायबर असेल तर

लांब बोगद्यात एक मुख्य पेटी वर ठेवतात आणि फायबरने जोडलेल्या छोट्या पेट्या ठिकठिकाणी. इथे दोन सापळे आहेत. प्रकाशाचा १ डीबी तोटा रेडिओच्या हिशोबात २ डीबी होतो, त्यामुळे एक मळका कनेक्टर भारी पडतो. जोडण्याआधी प्रत्येक वेळी पुसा, नवीन पाकिटातला असला तरी. दुसरं म्हणजे हिरवा कनेक्टर निळ्यात घालू नका. हिरव्याचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. तोंडं जुळत नाहीत आणि टोक खराब होतं ते वेगळंच.

शिवाय प्रकाशाला काचेतून एक किलोमीटर जायला ५ मायक्रोसेकंद लागतात. बोगद्याच्या तोंडाशी टॉवरचा थेट सिग्नल आणि आपला उशिरा आलेला सिग्नल एकत्र भेटतात. टेट्राचं एक चिन्ह, म्हणजे एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा, साधारण ५५ मायक्रोसेकंदांचं, ते बराच उशीर पचवतं. एलटीईला, म्हणजे फोर-जीला, नेहमीच्या मांडणीत ४.७ मायक्रोसेकंदांचीच सवलत असते. गाडी बाहेर पडताना नेमका तिथेच आवाज तुटत असेल तर ही जागा तपासा.

चालू करताना

अँटेना आणि केबल जोडल्याशिवाय किंवा डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, सिग्नल जिरवणारा तुकडा) लावल्याशिवाय पेटीला वीज देऊ नका. दोन्ही दिशांचा गेन तळाशी ठेवून सुरुवात करा. डाउनलिंक पाच-पाच डीबीने वर न्या आणि प्रत्येक पायरीला अ‍ॅनालायझरवर पाहा. इनपुट तेवढंच असताना आउटपुट पाचापेक्षा जास्त वाढलं, किंवा पडद्यावर एक स्थिर सुळका आला, तर शिट्टी जवळ आली. मागे या. मग अपलिंक. टॉवरच्या बाजूला फोनवर माणूस हवा, जो तिथली खरखर वाचून सांगेल. पेटी चालू, पेटी बंद, दोन आकडे. फरक दिसता कामा नये. हा फोन न करता सही करणारे बरेच आहेत. तुम्ही त्यांत जाऊ नका.

त्यानंतर चालत चाचणी. दोघांनी मिळून, एक खाली आणि एक कंट्रोल रूममध्ये, दर वीस-पंचवीस पावलांवर दोन्हीकडून बोलून. फक्त ‘हॅलो’ नको, आकडे वाचा, म्हणजे तुटलेला शब्द लगेच कळतो. त्या दिवसाचे सगळे आकडे, गेन, इनपुट, आउटपुट, प्रत्येक पोर्टचा रिटर्न लॉस (परत फिरलेला सिग्नल पाठवलेल्यापेक्षा किती डीबीने कमी आहे), केबलचा अंतरागणिक आलेख (किती मीटरवरून किती सिग्नल परत फिरतो), बॅटरीचं व्होल्टेज, हे कागदावर छापून पेटीच्या दारात आतून चिकटवा. लॅपटॉपमधली फाइल लॅपटॉपबरोबर बदलून जाते.

आणि यंत्रणा ज्यांच्या हाती द्यायची त्यांना ती वापरून दाखवा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये अग्निशमन दलासाठी रिपीटर होता. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी पॅनेलवरचं एक बटण दाबलं गेलं, मास्टर हँडसेट चालू करणारं दुसरं राहिलं. उत्तर मनोऱ्यातल्या अधिकाऱ्यांनी चाचणी केली, त्या हँडसेटवर काही ऐकू येईना, आणि रिपीटर बंद आहे असं समजून त्यांनी तो नाद सोडला. चौकशी आयोगाच्या अहवालात हे नोंदलेलं आहे. तुमच्या पॅनेलवर दोन बटणं असतील तर एक करता येतं का ते पाहा. नसेल जमत तर वर मोठ्या अक्षरांत लिहा.

देखभाल

बोगद्यातली धूळ घरच्या धुळीसारखी नसते. ब्रेक आणि चाकं झिजून तिच्यात लोखंडाचा बारीक भुगा असतो, म्हणजे ती वीज वाहते. पंख्याची जाळी दर महिन्याला, पेटीच्या आत दर सहा महिन्यांनी. फुंकर मारून नव्हे, व्हॅक्यूमने ओढून घ्या. ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथलं घट्ट बसणारं बूच, सैल झालाय का बघा, कारण धूळ बहुधा तिथूनच शिरते.

बॅटरी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, आणि पेट्यांच्या खोल्या गरमच असतात. ४८ व्होल्टच्या संचात चार्जिंगला लावलेलं असताना ५४ व्होल्ट दाखवतं ते चार्जरचं व्होल्टेज. त्याने बॅटरीबद्दल काहीच कळत नाही. वर्षातून एकदा तरी मुख्य वीज बंद करून पेटीचा खरा भार बॅटरीवर टाका आणि घड्याळ लावून बसा.

अलार्म शांत आहे म्हणून केबल ठीक आहे, हा भ्रम सर्वांत महाग पडतो. समजा लीकी केबल टोकाच्या शंभर मीटर आधी तुटली आणि तिथपर्यंतचा तोटा १० डीबी आहे. सिग्नल तिथून पूर्ण परत फिरला तरी जाताना १० आणि येताना १० खर्च होऊन पेटीला २० डीबीचा रिटर्न लॉस दिसतो. हे उत्तम केबलचं लक्षण! पेटी हिरवी, आणि शेवटचे शंभर मीटर मुके. म्हणून दर वर्षी अंतरागणिक आलेख काढून दारावरच्या पहिल्या दिवसाच्या आलेखाशी जुळवायचा, आणि मधेमधे टोकापर्यंत चालत बोलून पाहायचं.

चालत चाचणी करताना ज्यांची यंत्रणा आहे त्यांचेच हँडसेट घ्या, आजच्या सेटिंगसकट. १२ जानेवारी २०१५ ला वॉशिंग्टनच्या लाँफाँ प्लाझा मेट्रो स्थानकाजवळ बोगद्यात धूर कोंडला, गाडी अडकली, एका प्रवाशाचा जीव गेला. अग्निशमन दलाचे हँडसेट खाली नीट चालत नव्हते. त्याच स्थानकात रेडिओची अडचण असल्याचं चारच दिवस आधी, ८ जानेवारीच्या चाचणीत दिसलं होतं. चाचणी झाली होती, दोष सापडला होता, दुरुस्ती मात्र झाली नव्हती. तुमच्या नोंदवहीत ‘सापडलं’ या रकान्याशेजारी ‘कधीपर्यंत, कोण’ हे दोन रकाने आखून ठेवा, आणि दुरुस्त होईपर्यंत खाली उतरणाऱ्यांना ते सांगितलं गेलं का, हेही लिहा.

टॉवरच्या बाजूने काही बदललं, नवीन चॅनेल आलं, अँटेना वाकवली, ताकद कमी-जास्त केली, तर तुमचे सगळे आकडे शिळे झाले. ते आपणहून कळवत नाहीत. तीन महिन्यांतून एकदा फोन करून विचारा.

तक्रार आली की

सगळीकडेच आवाज बंद असेल तर पेटीची वीज आणि छतावरची अँटेना आधी. एका ठरावीक जागेपुढे बंद असेल तर केबल. पाऊस पडल्यावरच बिघडत असेल तर छतावरच्या कनेक्टरचा टेप सोडून बघा, आत हिरवट तांबं सापडेल. ऐकू येतं पण बोलणं जात नाही, तर अपलिंक, हे वर आलंच. ठरावीक वेळेला खरखर वाढत असेल तर त्या वेळेला कोणती यंत्रं चालू होतात ते शोधा. सरकते जिने, एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, पंप, सगळ्यांवर संशय घ्या.

आणि गेनला हात लावण्याआधी तक्रार करणाऱ्याचा हँडसेट मागून घ्या. अँटेना अर्धी तुटलेली असते, किंवा दुसऱ्याच मॉडेलची लावलेली असते. चांगला हँडसेट देऊन त्याच जागी उभं राहून बोलायला सांगा. कितीतरी वेळा काम तिथेच संपतं, आणि पेटीचं कुलूप उघडावंही लागत नाही.